पुरुषाच्या वस्त्राचा घेर

बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या दंपतींच्या भव्य मूर्ती आजही उभ्या आहेत. त्यांतील पुरुषांच्या मस्तकी भरगच्च पागोटी आहेत, कानांत जड कुंडले आहेत, अंगावर अलंकार आहेत आणि कमरेभोवती न शिवलेले, निऱ्या घातलेले वस्त्र आहे. अलंकारांच्या बाबतीत शेजारच्या स्त्रीहून तो पुरुष फारसा मागे नाही; तरीही तो पुरुष आहे याविषयी पाहणाऱ्याच्या मनात क्षणभरही संदेह उत्पन्न होत नाही. या लेण्यांपासून अवघ्या काही किलोमीटरांवर बोरीवलीचे रेल्वे स्थानक आहे. त्याच्या फलाटावर एखादा तरुण पायघोळ घागरा नेसून आणि कानात झुबे घालून उभा राहिला, तर त्याच्याकडे वळणाऱ्या नजरांत कुतूहलापेक्षा उपहासच अधिक असेल. या दोन दृश्यांमधील अंतर अठरा शतकांचे आहे असे वाटते. वस्तुतः ते जेमतेम दोन शतकांचे आहे. ते कसे पडले आणि ते राखण्यात कोणाचे हित आहे, हा या विषयाचा खरा गाभा होय.

विषय थट्टेवारी नेण्याजोगा वाटतो खरा, परंतु तो तसा नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घेरदार वस्त्रे, भरतकाम, मोत्यांच्या माळा आणि कर्णभूषणे वापरणारे, आणि ‘आपण पुरुषच आहोत’ असे निःसंकोचपणे सांगणारे तरुण महानगरांत दिसू लागले आहेत. चित्रपटसृष्टीचे माहेरघर असलेल्या अंधेरीच्या परिसरात ते अधिक दिसतात हे स्वाभाविकच आहे. अभिनेते रणवीर सिंग यांनी सार्वजनिक समारंभांत घागऱ्यासारखी वस्त्रे अनेकदा परिधान केली. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटात त्यांनी घेरदार अंगरखा घालून तलवार चालविली, तेव्हा तोच घेर प्रेक्षकांना शौर्याचा वाटला. पडद्याबाहेर मात्र तसाच घेर विनोदाचा विषय झाला. वस्त्र तेच, ते लेवणारा पुरुषही तोच. बदलली ती केवळ पाहणाऱ्यांची अपेक्षा.

घेर मर्दानीच होता

मराठी समाजाला पुरुषाच्या अंगावरील घेराचे आणि अलंकाराचे वावडे कधीच नव्हते. मराठेशाहीतील ‘जामा’ म्हणजे कमरेखाली चुणीदार घेर असलेला पायघोळ झगाच होता. शिरपेच, तुरा, मोत्यांचा कंठा, कानातील भिकबाळी आणि हातातील कडे ही सरदाराच्या दर्जाची चिन्हे होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणीस यांचे चित्र काढले. त्यातील पांढरीशुभ्र तलम वस्त्रे आणि पेशव्यांच्या अंगावरील मोती-रत्ने पाहून त्या दरबाराला नाजूक म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पराक्रम आणि शृंगार यांत विरोध आहे, ही कल्पनाच त्या काळी अस्तित्वात नव्हती.

लोकधर्मातही हेच दिसते. संबळाच्या तालावर देवीचा गोंधळ घालणारा गोंधळी पायघोळ झगा घालतो आणि गळ्यात कवड्यांची माळ धारण करतो. मरीआईचा पोतराज तर खणांच्या आणि रंगीबेरंगी कापडांच्या तुकड्यांचा घागराच कमरेला बांधतो, केस वाढवतो, कपाळी मळवट भरतो आणि हातातील कोरड्याचे फटके स्वतःच्या उघड्या अंगावर ओढतो. त्या घागऱ्याने त्याचे पुरुषत्व उणावले असे गावाने कधी मानले नाही. उलट त्याच्या रूपाचा धाकच होता.

शिवणीचा विचार केला तर आणखी एक गंमत ध्यानी येते. दोन पायांत विभागलेले वस्त्र पुरुषाचे आणि न विभागलेले वस्त्र स्त्रीचे, असा आजचा ढोबळ समज आहे. परंतु महाराष्ट्रातील स्त्रीचे परंपरागत नऊवारी लुगडे काष्टा घालून नेसले जाते, म्हणजे ते विभागलेले आहे. उलट, केरळी वा तमिळ पुरुषाचे मुंडू आणि वेष्टी ही न विभागलेली वस्त्रे आहेत. वेसाव्याच्या कोळीवाड्यात हा समज पार उलटा होतो. तेथील कोळीण काष्ट्याचे लुगडे नेसे आणि पारंपरिक वेषातील कोळी कमरेला नुसता रुमाल गुंडाळून समुद्रावर जाई. वादळात होडी हाकारणाऱ्या त्या माणसाला पाटलोणीवाचून पुरुषत्व नाही असे सांगण्यास कोणी धजावले असते काय?

पाटलोण कोठून आली?

मग हा बदल झाला कसा? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्ल्यूगेल यांनी १९३० साली वस्त्रांच्या मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील पुरुषाने सौंदर्यावरील आपला हक्क सोडून दिला. तोपर्यंत रेशीम, झालर, उंच टाचेचे जोडे आणि केसांचे टोप ही युरोपातील उच्चवर्गीय पुरुषांचीही मिरास होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सरदारी थाट संशयास्पद ठरला. कामाची, काटकसरीची आणि समतेची खूण म्हणून काळा वा करडा साधा पोशाख रूढ झाला आणि नटण्याची जबाबदारी स्त्रीवर सोपविण्यात आली. फ्ल्यूगेल यांनी या घटनेस पुरुषांचा महान त्याग म्हटले आहे.

हिंदुस्थानात हा त्याग राज्यकर्त्यांच्या सामानातून आला. कचेरी, शाळा, पलटण, पोलीस आणि रेल्वे या नव्या संस्थांनी नवा गणवेश आणला. मुंबईच्या कारकुनाने आणि शिक्षकाने तो एकदम स्वीकारला नाही. पहिल्यांदा धोतरावर कोट आला, पगडीची जागा टोपीने घेतली, पायांत बूट आले आणि अखेरीस धोतर गेले. दोन-तीन पिढ्यांत उरकलेला हा प्रवास इतका पूर्ण झाला, की पाटलोण ही निसर्गदत्त असावी असे आज वाटते. याच काळात वेषाला कायद्याचाही काच बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागानुसार, ‘षंढ’ म्हणून नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीसारखी वस्त्रे वा अलंकार घालून रस्त्यावर दिसणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा अपराध ठरला. उत्तर हिंदुस्थानातील काही प्रांतांत तो लागू झाला. वस्त्र आणि लिंग यांची गाठ सरकारी नोंदवहीत बांधण्याचा तो प्रयत्न होता. ती गाठ आपल्या परंपरेने मारलेली नव्हती, हे परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

खुद्द ब्रिटनमध्येही वस्त्राचे राजकारण झाले होते. १७४६ साली कलोडनच्या लढाईत स्कॉटिश बंडाचा मोड झाल्यावर पार्लमेंटने डोंगरी प्रदेशातील पुरुषांना त्यांचा परंपरागत किल्ट वापरण्यास बंदी केली; ती १७८२ साली उठली. मात्र बंदीच्या काळातही ब्रिटिश सैन्यातील स्कॉटिश पलटणींना किल्टची मुभा होती आणि पहिल्या महायुद्धातही त्या पलटणी किल्ट घालूनच लढल्या. ग्रीसचे एव्हझोन रक्षक आजही अथेन्समध्ये चुण्यांचा पांढरा घागरा घालून पहारा करतात. त्याच्या चारशे चुण्या तुर्की अंमलाच्या चारशे वर्षांचे स्मरण देतात असे सांगतात. सैनिकाच्या अंगावर जे शोभते ते विद्यार्थ्याच्या अंगावर अशोभनीय का ठरावे?

उत्सवापुरती मुभा

मुंबईच्या उपनगरांनी या प्रश्नावर एक सोयीस्कर तोडगा काढला आहे. तो म्हणजे उत्सवापुरती मुभा. नवरात्रात बोरीवली, घाटकोपर आणि मुलुंड येथील मैदानांवर हजारो तरुण केडियू घालून गरबा खेळतात. केडियू म्हणजे गुजरातच्या पशुपालकांचा, छातीखालून चुणीदार घेर फुटणारा अंगरखा. त्यावर आरशांचे आणि रंगीत धाग्यांचे भरतकाम असते, गळ्यात चांदीसारखे दागिने असतात, गिरकी घेताच घेर फुलतो. या नऊ रात्रींत कोणी कोणास हसत नाही. त्याच वेळी बोरीवलीच्या व्यासपीठावर फाल्गुनी पाठक गात असतात. त्यांचा पुरुषी धाटणीचा पोशाख उपनगरांतील लोकांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्याची चर्चाही होत नाही. व्यासपीठावर पाटलोणीतील स्त्री आणि मैदानात घेरदार अंगरख्यातील पुरुष, या दोहोंना प्रेक्षक एकाच टाळीने दाद देतात.

हीच गोष्ट मराठी सणांची. १९९९ साली डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि पाहता पाहता ती प्रथा मुंबईच्या उपनगरांत पसरली. त्या दिवशी बँकेतील कारकून आणि संगणक अभियंते धोतर, फेटा, भिकबाळी आणि मोत्यांच्या माळा लेवून ढोल वाजवितात. गणपतीच्या पूजेला रेशमी सोवळे नेसले जाते. विवाहात नवरदेवाच्या अंगावरील जरतार वधूच्या शालूशी स्पर्धा करते. म्हणजे पुरुषाची नटण्याची इच्छा मेलेली नाही. तिला पंचांगातील ठरावीक तिथींपुरती रजा मंजूर झाली आहे इतकेच. तिथी संपली की पुन्हा फिकट सदरा आणि करडी पाटलोण.

वस्त्राचा राग कधी कधी लिंगापेक्षा जातीपातीवर आणि प्रांतावरही निघतो. मुंबईत साठीच्या दशकाच्या अखेरीस दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा लुंगी हेच हेटाळणीचे चिन्ह बनविण्यात आले. चेन्नईत २०१४ साली एका न्यायाधीशांना वेष्टी नेसल्यामुळे क्रिकेट संघटनेच्या क्लबात प्रवेश मिळाला नाही. त्यावर तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी अशा निर्बंधांना मनाई करणारा कायदा केला. बंगळूरच्या एका मॉलमध्ये जुलै २०२४ मध्ये धोतर नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला अडविण्यात आले, तेव्हा तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याचे कर्नाटक सरकारने जाहीर केले. आणि अंधेरीला लागूनच असलेल्या जुहूत, वेष्टी नेसल्यामुळे उपाहारगृहात प्रवेश नाकारल्याची तक्रार एका तमिळ गृहस्थाने २०२३ साली केली. जे वस्त्र नेसून महात्मा गांधी १९३१ साली बकिंगहॅम राजवाड्यात गेले, ते उपाहारगृहाच्या दारात अडावे, याहून मोठा विपर्यास कोणता?

शासनाची पाटलोण

या विषयाचा शिक्षकांशी आणि कारकुनांशी थेट संबंध आहे. राज्य शासनाने ८ डिसेंबर २०२० रोजी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पेहरावाचे नियम काढले. त्यात स्त्रियांना साडी, सलवार-कुर्ता आणि पाटलोण-शर्ट असे पर्याय दिले. पुरुषांना शर्ट आणि पाटलोण. १५ मार्च २०२४ रोजी शिक्षकांसाठी निघालेल्या निर्णयातही शिक्षिकांना साडी वा सलवार-कुर्त्याची निवड आहे. शिक्षकांना मात्र शर्ट, पाटलोण आणि तो शर्टही खोचलेला. नक्षीकाम व चित्रे असलेले कपडे कोणीच घालू नयेत असाही दंडक आहे. या नियमांतील धोतराची अनुपस्थिती लक्षणीय आहे. स्त्रीने परंपरा सांभाळावी आणि पुरुषाने आधुनिक दिसावे, अशी ही वाटणी आहे. आणि परंपरेच्या नावाने मुलांना रागावणारी शाळा स्वतः शिक्षकाला विलायती पोशाखात उभे करते, हा विरोधाभास कोणाच्या ध्यानातही येत नाही.

विरोधकांचे काही आक्षेप मात्र विचारार्ह आहेत. पहिला आक्षेप सोयीचा. विरारच्या गर्दीच्या गाडीत पायघोळ घेर सांभाळणे अवघड आहे आणि कारखान्यात यंत्राजवळ तो धोक्याचाही ठरेल. हे खरे आहे. परंतु हा तर्क साडीलाही लागू होतो आणि त्या गाडीतून लाखो स्त्रिया साडी नेसून गेली कित्येक दशके कामावर जात आहेत. शिवाय सोयीचाच विचार करावयाचा तर मुंबईच्या दमट उकाड्यात जाड पाटलोण कितपत सोयीची? २०१७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील एक्झेटर येथील शाळकरी मुलांनी आणि फ्रान्समधील नांत येथील बसचालकांनी, अर्ध्या विजारीस परवानगी नाही म्हणून स्कर्ट घालून निषेध केला होता. नियमातील विसंगती दाखविण्याचा तो बिनतोड मार्ग होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही सारी श्रीमंतांची हौस आहे, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत मोत्यांची माळ घालणाऱ्या ताऱ्याला सुरक्षा असते. कुर्ल्याहून मुलुंडला लोकलने जाणाऱ्या विद्यार्थ्याला नसते. आणि पोतराजाच्या घागऱ्याचे कौतुक करताना त्यामागील सक्ती विसरता येत नाही. घरातील थोरल्या मुलाला पोतराज म्हणून देवीला सोडण्याच्या चालीचे विदारक चित्र बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात आहे. तो घागरा त्या मुलाने निवडलेला नव्हता. जातीने त्याच्या कमरेला बांधला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण पटविणारी लुगड्याची धाटणी व दागिने टाकून देण्यास सांगितले आणि स्वतः सूट परिधान केला, तो याच जाणिवेतून. दलित तरुणाच्या अंगावरील कोट-पाटलोण ही गुलामी नव्हे, तर मुक्ती होती. म्हणूनच पाटलोणीविरुद्ध मोहीम काढणे हे शहाणपणाचे नाही. प्रश्न कोणते वस्त्र श्रेष्ठ हा नाही. ते कोणी ठरवावे हा आहे. पोतराजाने घागरा उतरविण्याचे आणि विद्यार्थ्याने तो नेसण्याचे स्वातंत्र्य ही एकाच हक्काची दोन रूपे आहेत.

बांगड्यांचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी नागरिकांविषयी दिलेल्या निकालात, पेहरावातून आपली ओळख व्यक्त करणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते असे स्पष्ट केले. घागरा नेसणारा पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती यांचे प्रश्न एक नव्हेत. पहिल्याला केवळ वस्त्र हवे आहे. दुसरीला आपली लिंगओळखच मान्य करून हवी आहे. हा भेद सांगणे आवश्यक आहे, परंतु तो सांगण्याची एक रीत घातक आहे. ‘आम्ही घागरा नेसतो, पण आम्ही त्यांच्यातले नव्हे’ असे नाक मुरडून म्हणणारा पुरुष स्वतःसाठी मोकळीक मागतो आणि दुसऱ्यावरील कलंक घट्ट करतो. उपहासाचा मारा दोघांवर एकाच दिशेने येतो. त्यातून एकाने सुटून दुसऱ्यास पुढे ढकलणे ही सुधारणा नव्हे.

त्या उपहासाचे मूळ शोधले की विषय कपड्यांचा उरत नाही. स्त्रीने पाटलोण घातली तर ती धीट, कर्तबगार ठरते; पुरुषाने घागरा नेसला तर तो घसरला असे मानतात. एका दिशेला चढण आणि दुसऱ्या दिशेला उतार असेल, तर दोन्ही टोके समान उंचीवर नाहीत हे उघड आहे. आजही मोर्चेकरी निष्क्रिय अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्या ठेवतात. विधिमंडळापासून गल्लीपर्यंत ‘आम्ही बांगड्या भरलेल्या नाहीत’ ही वल्गना केली जाते. बांगडी म्हणजे दुबळेपणा, आणि दुबळेपणा म्हणजे स्त्री, हे समीकरण त्या वाक्यात गृहीत आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारका’तून स्त्रियांनी जाकीट घालावे असा आग्रह धरला, तेव्हाही समाज खवळला होता. त्या वेळी भांडण जाकिटाचे नव्हते, स्त्रीच्या अंगाविषयी निर्णय कोणी घ्यावा याचे होते. आज पुरुषाच्या बाबतीत तोच वाद मागील दाराने परत आला आहे.

उपाय अवघड नाहीत. शाळा-कचेऱ्यांच्या पेहरावनियमांत लिंगानुसार वस्त्रांची यादी देण्याऐवजी वस्त्र स्वच्छ, नीटनेटके आणि कामास सुरक्षित असावे एवढेच म्हटले तरी पुरेसे आहे. धोतर नेसून वर्गावर येणाऱ्या शिक्षकास अडविण्याचे कारण उरणार नाही. कानात भिकबाळी घालणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभे करण्याचेही. उद्या उपनगरांतील सारे पुरुष घागरे नेसतील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. बहुसंख्य लोक सवयीचे असतात आणि पाटलोणीला खिसे असतात, हा तिचा गुण सहज सोडवणारा नाही. प्रश्न त्या थोड्या तरुणांचा आहे, ज्यांना नवरात्राची दहावी सकाळ उजाडल्यावरही तो घेर अंगावर ठेवावासा वाटतो. त्यांना फलाटावर निर्धास्तपणे उभे राहता आले पाहिजे. आणि ज्या दिवशी बांगडी हा शब्द शिवीसारखा वापरणे मराठी माणसाला लाजिरवाणे वाटेल, त्या दिवशी ते आपोआपच उभे राहू शकतील.